एका कुंडीचा आंबेबहार

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात निम्मा दोष माझ्या रागाचा होता आणि निम्मा अण्णाराव मामांच्या शहाणपणाचा. झाडाचा दोष काडीचा नव्हता. ते बिचारं कुंडीत उभं होतं.

झाड अँथुरियमचं. हिरवीगार, चामड्यासारखी जाड पानं, आणि फूल म्हणजे एक चकचकीत तांबडं पान, मधून वर आलेली पिवळी काडी. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास बोट लावून बघतो की हे प्लॅस्टिकचं तर नाही. किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात मी वाढले, तिथल्या अधीक्षिका धुरपताबाईंकडे ते होतं. त्यांना ते सरकारी दवाखान्यातल्या एका केरळी नर्सबाईनं दिलेलं. मला लातूरला कारकुनाची नोकरी लागली तेव्हा धुरपताबाईंनी त्याचा एक फुटवा काढून माझ्या हातात ठेवला.

"पंचशीला, आजवर तुला दिलं ते सगळं उपयोगाचं दिलं," त्या म्हणाल्या. "पाटी, वह्या, गोधडी, चपला. ही एक वस्तू बिनउपयोगाची घेऊन जा."

किनवटहून नांदेडपर्यंत रेल्वेनं आणि नांदेडहून लातूरपर्यंत एसटीनं मी ती कुंडी मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, याचं अर्धं तिकीट फाडू का? मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं माझं तिकीटही घाईघाईनं फाडलं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नवी कार्यालयं, नवे शिक्के, चारी बाजूंनी बदलून आलेले नोकरदार, आणि खोल्या मोजक्याच. त्यात माझं नाव पंचशीला सोनकांबळे. घरमालक नाव विचारायचे आणि मी सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. एकदा तर मालकीणबाई दाराला कुलूप लावता लावता म्हणाल्या की खोलीच नाही मुळी. मिळायची ती कुणाच्या तरी ओळखीनं, आणि ओळख जुनी झाली की जायची. दोन वर्षांत तीन खोल्या झाल्या. दर वेळी मी ट्रंक उचलायची, कुंडी उचलायची, आणि दर वेळी झाड दोन-तीन पानं टाकायचं. अँथुरियमला फार काही लागत नाही. ऊन थेट नको, उजेड मात्र हवा, मुळाशी ओलावा आणि हवेत दमटपणा हवा, आणि एक कोपरा हवा जो बदलायचा नाही. मलाही तेवढंच हवं होतं.

चौथी खोली अण्णारावांची. शिरूर अनंतपाळच्या बाजूला त्यांची मोसंबीची बाग होती, दोनशे झाडांची. पण पाऊस दोन वर्षं रुसलेला, विहीर आटलेली, म्हणून नवराबायको लातूरच्या घरी येऊन राहिलेली. त्यांनी माझं नाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं, जरा मोठ्यानंच. त्यांनी ते ऐकलं आणि माझ्या कडेवरच्या कुंडीकडे बोट केलं.

"ह्याला काय लागतं?"

"फूल."

"आन् फळ?"

"फळ नाही लागत."

"मग हे घेऊन काय करून राहिलीस, बाई?" असं म्हणत त्यांनी किल्ली दिली.

खोली अंगणाच्या कडेला होती. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. अंगणात एकच नळ, मालकीणबाई तुळजामामी नळाशी बसायच्या आणि प्रत्येकाच्या घागरी स्वतःच्या हातानं भरून द्यायच्या. माझ्या वाट्याला चार घागरी. त्यात मामी कधी लबाडी करायच्या नाहीत, काठोकाठ भरायच्या. पण स्वयंपाकघराचा उंबरा मी ओलांडत नव्हते, आणि कधी ओट्यावर बसले आणि पाणी दिलं, तर ते बाहेरच्या भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या एका वेगळ्या ग्लासात. ग्लास स्टीलचा, लखलखीत, रोज घासलेला. वेगळा तो वेगळाच. कुणी काही बोलत नव्हतं. मीही नाही. फक्त आठ महिने मला त्या घरात एकदाही तहान लागली नाही. मामी विचारायच्या, मी म्हणायची, "आत्ताच पिऊन आले."

झाड मात्र त्या खोलीत बरं होतं. उत्तरेची खिडकी होती. भांडी विसळलेलं पाणी चालत नसे, म्हणून मी माझ्या पिण्याच्या पाण्यातलं एक फुलपात्र त्याला द्यायची. दुष्काळात कुंडीला पाणी घालणं हे चोरीचं काम वाटायचं. दार लोटून घालायची. पानं हिरवी राहिली, पण फूल काही येईना. वर्ष उलटून गेलं होतं शेवटचं फूल येऊन, आणि एकदा मी हे मामांजवळ बोलून गेले. तिथंच चूक झाली.

संक्रांत झाली आणि मला नांदेडला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला जायचा हुकूम आला. विष्णुपुरीला मावशीकडे राहायची सोय होती, पण कुंडी नेऊन परत आणायची म्हणजे पुन्हा पानगळ. मी एका कागदावर लिहून दिलं. दिवसाआड एक फुलपात्र पाणी. उन्हात ठेवायचं नाही. पानं ओल्या फडक्यानं पुसायची. मामांनी कागद वाचला, घडी करून टोपीत ठेवला.

"दोनशे मोसंबी वाढवली हायेत म्या," ते म्हणाले. "मला झाड शिकवून राहिलीस का? जा तू बिनघोर. फूल येत न्हाई म्हनलीस न्हवं? बघतो म्या."

विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी बघून मला रोज त्या कुंडीची आठवण यायची. पंधराव्या दिवशी दुपारी मी लातूरला उतरले, अंगणात शिरले, आणि तिथंच थांबले.

कुंडी अंगणात होती, उन्हात. भोवतीची माती, नारळाच्या शेंड्या, कोळशाचे तुकडे सगळं उकरून बाजूला ढीग केलेला. मुळं उघडी पडलेली, सुकून सुतळीसारखी झालेली. अकरा पानांपैकी दहा पापडासारखी वाळून लोंबत होती. एक पान तेवढं अर्धं हिरवं होतं. मातीत बोट घातलं तर कोरडी भुकटी. पंधरा दिवसांत तिला थेंबसुद्धा मिळालेला नव्हता.

मामा ओट्यावर बसले होते. मला बघून हसत उठले. ते हसणं बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"एवढं जड झालं का मामा, एक फुलपात्र पाणी?" मी ओरडले. "माझ्या वाट्याचं होतं ते, तुमच्यातलं नव्हतं मागितलं! का माझं झाड, म्हणून त्याचंही पाणी वेगळं? त्याच्यासाठीसुद्धा देवळीत ग्लास ठेवला होता का?"

शेजारची भिंतीवरून डोकावली. मामांचं हसू तोंडावरच विझलं. त्यांनी टोपी डोक्यावर नीट केली आणि ते दाराबाहेर निघून गेले.

मी खोलीत जाऊन ट्रंक ओढली. आता ही चौथी. मी साड्या कोंबत होते आणि रडत होते, आणि रडते म्हणून स्वतःवरच चिडत होते. खरं सांगायचं तर मला झाडापेक्षाही त्या किल्लीचं वाईट वाटत होतं. पूर्ण नाव ऐकून दिलेली ती पहिली किल्ली होती.

तुळजामामी दारात येऊन उभ्या राहिल्या. "चल," म्हणाल्या.

"कुठं?"

"आत. सैपाकघरात."

"मला नाही यायचं."

"यायचं न्हाई तर नगं येऊ. पण बघून तर जा, मग जा कुठं जायचं ते." त्यांनी माझं मनगट धरलं. शेतात राबलेला हात होता, सुटायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मला ओढतच उंबऱ्याच्या आत नेलं.

आत खिडकीखाली घडवंची होती, त्यावर मोठा मातीचा रांजण, आणि रांजणाच्या बाजूला एक पितळी घागर. घागरीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, वर दोरा गुंडाळलेला. शेजारी कागदाच्या पुडीत भुईमुगाची पेंड, बारीक कुटलेली.

"हे तुझ्या झाडाचं पाणी," मामी म्हणाल्या. "पंधरा दिस झाले, ह्या घागरीला मला हात लावू दिला न्हाई त्येनी. परवा माझा भाऊ आला, पाणी कमी पडलं. मी म्हनलं, ह्यातलं एक तांब्या घेते. तर अंगावर धावून आले. म्हने, आंबवणीचं पाणी हाय ते, पंचशीलाच्या हातानंच पडायचं."

मला काही कळेना. मग मामींनी सांगितलं. मोसंबीला बहार धरायचा म्हणजे हिवाळ्यात तिचं पाणी तोडायचं. बुडाजवळची माती उकरायची, मुळं उघडी करून उन्हं दाखवायची. झाड तहानलं पाहिजे, पानं गळली पाहिजेत. त्याला ताण देणं म्हणतात. झाड नीट ताणलं की मग मुळाशी खत आणि माती घालायची आणि पहिलं हलकं पाणी द्यायचं, ते आंबवणीचं. ते पाणी पडलं की तीन आठवड्यांत झाड फुलानं पांढरं होतं. तोच आंबेबहार.

"यंदा बागेला ताण द्यायचा कशापायी?" मामी खाली बघत म्हणाल्या. "तोडायला पाणी कुठाय? हिरीत बेडूक मेलेत. चाळीस वर्सांत पहिल्यांदा त्येनी बहार धरला न्हाई. मग तुझी कुंडी मिळाली. रोज सकाळी उठून बघत बसायचे. म्हनायचे, तुळजे, लई झ्याक ताण बसलाय. पोरगी येईल, पाणी घालील, आन् फुलं बघून येडी हुईल."

मी घडवंचीजवळ खालीच बसले. मला लाज वाटली, इतकी की वर बघवेना. दोनशे झाडांवरची सगळी माया त्या माणसानं माझ्या एका कुंडीवर ओतली होती आणि झाडाचा पार जीव घेतला होता. हसावं की रडावं ते समजेना, म्हणून दोन्ही केलं. मामीही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

मामा गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीच्या पायरीवर सापडले. मी जाऊन शेजारी बसले.

"मामा, माझं चुकलं."

ते धोतरावरचं पीठ झटकत राहिले.

"पण तुमचंही चुकलं."

"माझं काय चुकलं?" ते एकदम वळले. "ताण बराबर बसला हुता!"

"ते मोसंबी नाही मामा. ते जंगलातलं झाड आहे. बारा महिने पावसात, मोठ्या झाडांच्या सावलीत राहणारं. त्याला ताण ठाऊकच नाही."

मामांनी टोपी मागं सरकवली. "ताण ठाऊक न्हाई?" ते म्हणाले. "आन् लातुरात ऱ्हायला आलंय?"

गिरणीवाला आतून हसला. मग मामा हळू आवाजात म्हणाले, "त्या गिलासाचं तू म्हनलीस. ते काय खोटं न्हाई. म्या रोज बघत हुतो. बघून गप बसत हुतो. ताणाचं माझं चुकलंच नसंल कदाचित, पण ते चुकलं."

चाळीस वर्षं झाली त्याला, पण पिठाची ती पांढरी पायरी मला अजून दिसते. मोठ्या माणसानं माझ्यापुढे असं कबूल केलेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

घरी येऊन आम्ही कामाला लागलो. वाळकी पानं कापली, मेलेली मुळं काढली. बुंधा नखानं जरा खरवडला, आत हिरवा होता. "जित्तं हाय!" मामा ओरडले. तुळजापूरच्या देवीच्या नारळांच्या शेंड्या मामींनी घासणीसाठी साठवल्या होत्या, त्या भिजवून घेतल्या. विटेचे तुकडे, कोळसा, त्यात झाड बसवलं. मामांनी गुपचूप पेंड टाकायला घेतली, मी हातावर चापट मारली. घागरीचं फडकं सोडलं आणि पाणी मी घातलं, थोडं थोडं.

आता प्रश्न ठेवायचं कुठं. उघड्या मुळांनी ऊन खाल्लेल्या झाडाला दमट हवा हवी होती, आणि त्या वर्षी लातुरात दमट म्हणावी अशी जागाच नव्हती. माझ्या खोलीत तर ओठ फुटत होते. मामींनी इकडं तिकडं पाहिलं.

"रांजणापाशी ठिवा की," त्या म्हणाल्या. "रांजण पाझरतोय, भित कायम वली आसती. खिडकी बी हाय."

"पण मग मला रोज आत यावं लागेल," मी म्हणाले.

"मग ये. पाय दुखतेत का तुझे?"

कुंडी घडवंचीच्या खालच्या फळीवर गेली, आणि मी रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी स्वयंपाकघरात जाऊ लागले. पहिले दोन दिवस उंबऱ्यापाशी थांबून हाक मारली. तिसऱ्या दिवशी मामी म्हणाल्या, रोज रोज वरडू नगं, डोकं उठतं. पाचव्या दिवशी पान पुसता पुसता मला खरंच तहान लागली, आणि तोंडातून निघून गेलं. मामी भाकरी थापत होत्या.

"घे की तुझ्या हातानं. माझे हात पिठात हायेत."

मी ओगराळं उचललं आणि रांजणात बुडवलं. पाणी गार होतं. मामींनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही, तव्यावरची भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी देवळीतला ग्लास तिथं नव्हता. तो कुंडीशेजारी फळीवर होता. "झाडाला माप लागतं न्हवं," मामी म्हणाल्या, आणि विषय संपला.

मग मामांचा आणि माझा रोजचा वाद सुरू झाला. ते म्हणायचे पाणी फार झालं, मी म्हणायची कमी झालं. ते पानं पुसायचे, म्हशीचं अंग चोळावं तसे, मी फडकं हिसकावून घ्यायची. मार्चच्या मधोमध बुंध्यातून एक तांबूस सुरळी निघाली आणि उलगडून पान झालं. मामांनी गल्लीत पाच घरी सांगितलं. मेमध्ये चार पानं झाली. जूनच्या शेवटी आभाळ अजून कोरडंच होतं, पण पानाच्या बेचक्यातून कळी वर आली, आणि आठवड्याभरात फूल उघडलं. एकच, तळहाताएवढं, तांबडंलाल.

मामा त्याच्यासमोर मांडी घालून बसले. "बघ," म्हणाले. "ताण दिला म्हनून आला बहार."

मी तोंड उघडलं. मामींनी मला डोळ्यांनी दटावलं. मी तोंड मिटलं, आणि माझ्या स्वभावाचा विचार करता ही मी त्या घराला दिलेली सगळ्यात मोठी भेट होती.

बातमी गावाकडंही पोचली. त्या रविवारी मामांच्या बहिणीचे यजमान भुजंगदाजी शिरूरच्या गाडीनं आले. धोतर, पटका, मोठ्या मिशा, आणि भर दुपारचं दोन मैल पायी चालणं. येऊन ते सरळ स्वयंपाकघरात टेकले. मी कुंडीपाशी होते. मामी चुलीपुढे. मामा दाजींना दुष्काळातल्या बहाराची गोष्ट सांगत होते, त्यात माझा भाग बराच कमी आणि त्यांचा बराच जास्त होता.

"पाणी द्या आधी," दाजी म्हणाले. "जीव चाललाय."

"पंचशीला, दाजींना पाणी दे," मामा म्हणाले.

मी तांब्या रांजणात बुडवून भरला आणि पुढे केला. दाजींनी हात लांब केला, तांब्या धरला, आणि माझ्याकडे बघितलं.

"पोरगी कुणाची?"

"सोनकांबळ्याची," मामा म्हणाले. "आपल्या घरात ऱ्हाती."

तांब्या दाजींच्या हातात तसाच थांबला. त्यांनी एकदा तांब्याकडे पाहिलं, एकदा रांजणाकडे. मामांच्या मानेची शीर ताठ झाली. मला वाटलं आता ते बोलतील, पण त्यांच्याआधी मामींनी फुंकणी खाली ठेवली.

"दाजी," त्या म्हणाल्या, "नळाला चौथ्या दिशी पाणी येतं. आन् ह्या रांजणातलं पाणी आमी समदेच तिच्या हातचं पितो, पाच महिने झाले. प्यायचं तर प्या, न्हाई तर तांब्या इकडं द्या. सांडू नका तेवढं."

दाजींच्या मिशा हलल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. त्यांनी डोळे मिटले, तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मग थोडा वेळ रिकाम्या तांब्यात बघत बसले, आणि तो माझ्यापुढे केला.

"अजून दे, बाई," ते म्हणाले. "गार हाय."